लुंबिनीला व्हिसा लागत नाही, पण आधार कार्डही चालेलच असे नाही

सोनपेठच्या आमच्या विहारात वर्षावासात दर रविवारी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. सिद्धार्थाच्या जन्माचे प्रकरण संपले त्या रविवारी मागे बसलेल्या एका आजीने विचारले, "ही लुंबिनी आपल्या देशात हाय का दुसऱ्या?" दुसऱ्या देशात, नेपाळात, असे सांगितल्यावर बायकांमध्ये कुजबुज झाली आणि खीरदान व्हायच्या आतच लुंबिनीला जायचे ठरले. आठ दिवसांत बेचाळीस नावांची यादी तयार झाली. एका ओळखीच्या टूरवाल्याने फोनवर सांगितले, "नेपाळला काही लागत नाही, आधार कार्ड घेऊन या." आम्हीही तेच गृहीत धरले.

हे वाक्य अर्धे खरे आहे, आणि या अर्ध्या खऱ्या वाक्यामुळे सोळाशे-सतराशे किलोमीटरचा प्रवास करून सीमेवर पोचलेल्या माणसाला मागे फिरावे लागू शकते. सोनपेठ, गंगाखेड, पाथरी, मानवत अशा तालुक्यांतून दरवर्षी लोक सहलीला निघतात. त्यांच्यासाठी आणि त्यांचे कागद गोळा करणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांसाठी हा लेख आहे.

आधी खरा अर्धा भाग. भारतीय नागरिकाला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही. ३१ जुलै १९५० रोजी काठमांडूत भारत आणि नेपाळ यांच्यात शांतता व मैत्री करार झाला. दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहणे, ये-जा करणे, व्यापार करणे यात समान वागणूक मिळेल, असे त्यात ठरले. सीमा खुली आहे आणि सोनौलीच्या नाक्यावरून रोज हजारो माणसे पायी इकडून तिकडे जातात. म्हणून लोक म्हणतात, "तिथं कोण विचारतंय?" बऱ्याचदा कोणी विचारत नाही हेही खरे. पण सीमेवर सशस्त्र सीमा बलाचे जवान उभे असतात आणि त्यांनी विचारले तर दाखवायला जे लागते ते कायद्याने ठरलेले आहे.

पंधरा वर्षांवरील आणि पासष्ट वर्षांपर्यंतच्या माणसासाठी मुख्य कागद दोनच आहेत. एक म्हणजे चालू मुदतीचा भारतीय पासपोर्ट. दुसरा म्हणजे निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र, ज्याला आपल्याकडे नुसते 'वोटिंग कार्ड' म्हणतात. या वयोगटासाठी आधार कार्ड प्रवासाचा कागद म्हणून धरले जात नाही. गृह मंत्रालयाने जानेवारी २०१९ मध्ये नेपाळ आणि भूतानच्या प्रवासासाठी आधारला मान्यता दिली, पण ती फक्त पंधरा वर्षांखालील मुलांना आणि पासष्टच्या वरील ज्येष्ठांना. या दोन गटांना पॅन कार्ड, वाहन परवाना, फोटो असलेले रेशन कार्ड असे कागदही चालतात, अट एवढीच की त्यावरून ओळख आणि वय कळले पाहिजे. आधारची ही सवलत आली त्या वेळी बातमीचा मथळा लोकांनी वाचला, खालचा मजकूर वाचला नाही. तेव्हापासून 'नेपाळला आधार चालते' हे वाक्य गावोगाव फिरते आहे.

पंधरा ते अठरा वयाच्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांना मतदार कार्ड मिळत नाही आणि आधारची सवलतही लागू नाही. त्यांच्यासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेले ओळखपत्र चालते. सहलीत दहावी-अकरावीची मुले असतील तर शाळा सुरू असतानाच हा दाखला फोटोसह, सही-शिक्क्यासह घेऊन ठेवा. उन्हाळ्याच्या सुटीत मुख्याध्यापक गावी गेलेले असतात आणि मग धावपळ होते.

आणखी एक सोय आहे ती कुटुंबाची. कुटुंब एकत्र जात असेल आणि त्यातल्या एका प्रौढाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असेल, तर बाकीच्यांना नाते दाखवणारा आणि फोटो असलेला दुसरा पुरावा चालू शकतो. रेशन कार्ड, वाहन परवाना, शाळा-कॉलेजचे ओळखपत्र वगैरे. इथे आमच्या एका कार्यकर्त्याने विचारले की आपण सगळे एकाच विहाराचे, मग आपण एक कुटुंब नाही का? भावना चांगली आहे. पण सरकारच्या लेखी कुटुंब म्हणजे रेशन कार्डावरचे कुटुंब. बेचाळीस उपासक-उपासिकांत एकाकडे पासपोर्ट आहे म्हणून बाकीचे एकेचाळीस त्याच्यामागून जाऊ शकत नाहीत.

विमानाने काठमांडूला जाणार असाल तर पर्याय शोधत बसू नका. पासपोर्ट किंवा मतदार कार्ड मूळ प्रतीत जवळ ठेवा. झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो यावर विसंबून विमानतळावर जाऊ नये.

एका आजीचे वय

आता आमच्या यादीकडे येतो, कारण नियम वाचणे सोपे आणि आपल्या माणसांचे कागद वाचणे अवघड. एका संध्याकाळी विहारात सगळ्यांना कागद घेऊन बोलावले. ज्या आजीने लुंबिनी कुठे आहे असे विचारले होते, तिच्याकडे फक्त आधार होते. मतदार कार्ड कधीतरी ऊसतोडीला गेल्यावर कोप्यात हरवले. आजी म्हणाली, "मला सत्तरच्या वर झाली." दिसायलाही तशीच. म्हणजे आधार चालणार, असे आम्ही म्हणेपर्यंत कार्डावरची तारीख पाहिली. १ जानेवारी १९६४. कागदावर आजी पासष्टची झालेलीच नव्हती.

हे तिच्या एकटीचे नाही. आधार काढताना ज्यांच्याकडे जन्माचा दाखला नव्हता त्यांनी अंदाजे वय सांगितले, ऑपरेटरने वर्ष टाकले आणि तारीख १ जानेवारी झाली. शाळेत गेलेल्यांचे तसेच, तिथे निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो. ज्यांच्या जन्माची नोंद कोणी केली नाही, त्या पिढीचे वय कोणाच्या तरी पेनाने ठरले. त्याचा त्रास पगार, पेन्शन, संजय गांधी निराधार योजना या सगळीकडे होतोच. इथे तो सीमेवर झाला असता.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आधार दुरुस्तीत नव्हते. जन्मतारीख बदलायला पुरावा लागतो आणि तोच तर नाही. सरळ मार्ग म्हणजे हरवलेले मतदार कार्ड पुन्हा काढणे, कारण मतदार कार्डावर प्रवास करायला वयाची अट आड येत नाही. त्यासाठी निवडणूक आयोगाचा नमुना ८ भरावा लागतो. पत्ता बदल, नावातली दुरुस्ती आणि हरवलेल्या कार्डाची नवी प्रत ही तिन्ही कामे याच नमुन्याने होतात. नव्याने नाव घालायचे असेल तर नमुना ६. अर्ज आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा ॲपवर करता येतो, नाहीतर गावच्या बीएलओकडे किंवा तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत द्यावा. मतदार मदतीचा फोन क्रमांक १९५०. नेपाळ कराराचे वर्षही तेच, त्यामुळे आमच्या बायकांना दोन्ही एकदम पाठ झाले.

अर्ज करण्याआधी यादीत नाव शिल्लक आहे का ते मात्र पाहा. दिवाळीनंतर सहा-सहा महिने कारखान्याच्या फडावर जाणारी, पुण्या-मुंबईकडे कामाला गेलेली माणसे पडताळणीच्या वेळी घरी सापडत नाहीत. यादीतून नाव गळाले की फक्त लुंबिनी हुकत नाही, मतही जाते. आमच्या यादीतल्या तिघांची नावे अशी गळालेली निघाली. सहलीच्या निमित्ताने ती पुन्हा घालून घेतली.

सीमेपर्यंत आणि सीमेपलीकडे

परभणीहून मनमाड, तिथून गोरखपूरकडे जाणारी गाडी, आणि गोरखपूरहून साधारण शंभर किलोमीटरवर सोनौली, हा नेहमीचा रस्ता. कुशीनगर एक्स्प्रेस मुंबईहून मनमाड-भुसावळ मार्गे गोरखपूरला जाते. कुशीनगर गोरखपूरपासून पन्नासएक किलोमीटरवर आहे, म्हणजे महापरिनिर्वाणाचे स्थळ आणि जन्माचे स्थळ एकाच फेरीत होते. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते. आमचा अनुभव असा की आधी तिकिटे काढली जातात आणि मग कागद शोधले जातात. क्रम उलटा हवा. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुके असते, गाड्या दहा-दहा तास उशिरा धावतात. सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी हे सगळे धरून आम्ही फेब्रुवारी-मार्चचा काळ निवडला.

सोनौलीच्या पलीकडे बेलहिया, मग भैरहवा, आणि तिथून वीस-बावीस किलोमीटरवर लुंबिनी. भैरहवाला मे २०२२ पासून गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळही आहे.

महाराष्ट्राच्या पासिंगची गाडी घेऊन जाणार असाल तर माणसांना व्हिसा नसला तरी गाडीला परवानगी लागते. नेपाळी कस्टम कार्यालयाला तिथे 'भन्सार' म्हणतात. तिथे आरसी बुक, विमा, चालकाचा परवाना दाखवून दिवसांप्रमाणे शुल्क भरावे लागते आणि पावती परत येईपर्यंत जपावी लागते. भाड्याच्या बसला याशिवाय परिवहनाचे वेगळे परवाने लागतात. ही जबाबदारी कोणाची, हे टूरवाल्याशी बोलतानाच कागदावर लिहून घ्या. आमच्या ओळखीची एक सहल याच कारणाने सीमेवर बसमधून उतरली आणि पुढे रिक्षा-जीप करत गेली. पैसे दुप्पट लागले.

पैशांचे साधे गणित असे की शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये. हा दर १९९३ पासून पक्का आहे, त्यामुळे कोणी वेगळा सांगितला तर समजून जावे. नेपाळ सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. या नियमात बदल होत राहतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी, पण बायकांच्या बटव्यात शंभरच्या नोटा ठेवल्या की वाद उरत नाही. भारतीय सिमकार्डाला तिकडे रोमिंग लागते. चुकामूक झाली तर काय, यासाठी प्रत्येकाच्या खिशात कागदाच्या चिठ्ठीवर गटप्रमुखाचा नंबर आणि मुक्कामाच्या विहाराचे नाव लिहून द्या.

खुली सीमा नेहमी खुली असते असे समजू नका. निवडणुकीच्या मतदानाआधी दोन-तीन दिवस सीमा बंद ठेवण्याचा प्रघात आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळात तरुणांचे आंदोलन पेटले, पंतप्रधानांना राजीनामा द्यावा लागला, आणि त्या दिवसांत सीमेवरची तपासणी एकदम कडक झाली. अशा वेळी ज्याच्याकडे नीट कागद असतो त्याला घरी परतणे सोपे जाते. 'कोण विचारतंय' म्हणणाऱ्यांना आम्ही हे उदाहरण देतो.

लुंबिनीत मायादेवी मंदिराजवळ सम्राट अशोकाचा स्तंभ उभा आहे. राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी अशोक स्वतः तिथे आला, बुद्धाचा जन्म इथे झाला म्हणून त्याने गावाचा कर माफ केला आणि उत्पन्नातला वाटा आठव्या हिश्श्यावर आणला, असे त्यावर कोरले आहे. १९९७ साली युनेस्कोने हे स्थळ जागतिक वारशात घेतले. यादी करताना आमच्या डोळ्यांसमोर अजून एक प्रवासी होता. धम्मदीक्षेनंतर महिनाभरातच, नोव्हेंबर १९५६ मध्ये, बाबासाहेब काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेला गेले. प्रकृती पार खालावलेली होती. तिथे २० नोव्हेंबरला त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले. त्यानंतर सोळाव्या दिवशी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. परदेशातला त्यांचा तो शेवटचा प्रवास.

पासपोर्ट मात्र काढाच

मतदार कार्डावर नेपाळ होते. श्रीलंका, थायलंड, जपान होत नाही. पंचवीस वर्षांच्या मुलाने 'मला कुठे जायचंय' म्हणत पासपोर्ट टाळू नये. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिक्षण शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागांची. प्रवेशाचे पत्र आल्यावर पासपोर्टच्या रांगेत लागणारा विद्यार्थी तिथेच मागे पडतो.

प्रौढासाठी छत्तीस पानी पासपोर्टचे साधे शुल्क १५०० रुपये, मुदत दहा वर्षे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी १००० रुपये. अर्ज सरकारी पासपोर्ट सेवा पोर्टलवर स्वतः करता येतो. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या वेबसाईट जास्त पैसे घेतात, पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे का ते पाहावे. २०१८ पासून देशातल्या कुठल्याही केंद्रावर अर्ज करता येतो, म्हणजे पुण्यात शिकणाऱ्या सोनपेठच्या मुलीला त्यासाठी गावी यायची गरज नाही. पण पोलीस पडताळणी अर्जात दिलेल्या सध्याच्या पत्त्यावर होते. आपण खरोखर राहतो तोच पत्ता द्या. गावचा पत्ता देऊन पुण्यात राहिलात आणि पोलीस आले तेव्हा घरी कोणी नसले, की प्रकरण लांबते.

आपल्याकडे अर्ज अडतात ते नावावर. शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरे, कारण मधल्या काळात घरच्यांनी जुने आडनाव सोडले. कुठे वडिलांचे नाव 'कोंडिबा', कुठे 'कोंडीराम'. लग्नानंतर बाईचे सगळे नाव बदललेले. पासपोर्टसाठी कागदांत एकवाक्यता लागते. छोटी स्पेलिंगची चूक आधार केंद्रावर सुटते, पण आडनावच बदलले असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेणे हा पक्का मार्ग. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो. विवाहित स्त्रीला पासपोर्टसाठी विवाह प्रमाणपत्राची सक्ती डिसेंबर २०१६ पासून नाही. आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव दिले तरी चालते, एकट्या आईने वाढवलेल्या मुलांसाठी हे महत्त्वाचे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या बाळांना मात्र जन्मतारखेसाठी फक्त जन्म प्रमाणपत्रच चालेल. घरात लहान मूल असेल तर नगर पंचायत किंवा ग्रामपंचायतीतून ते आजच घ्या. १ जूनची परंपरा निदान इथे थांबेल.

भन्तेंच्या बाबतीत एक गोष्ट. त्याच २०१६ च्या नियमांत साधू-संन्याशांना आई-वडिलांऐवजी गुरूंचे नाव देण्याची मुभा आहे, पण आधार, पॅन किंवा मतदार कार्ड यांपैकी एका कागदावर पालकांच्या जागी गुरूंचे नाव आधीच नोंदलेले असले पाहिजे. भिक्खूंनी अर्ज करण्याआधी पासपोर्ट कार्यालयाकडून हे विचारून घ्यावे. प्रव्रज्येनंतरचे नाव वापरायचे असेल तर बाकीचे कागदही त्याच नावाने हवेत.

पासपोर्टवर धर्म किंवा जात लिहिलेली नसते. जात प्रमाणपत्र जोडायचे का, असे बरेच जण विचारतात. नाही.

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा येतो. त्याने उपासक-उपासिका घाबरतात. हा शेरा नोकरीसाठी जाणाऱ्यांसाठी आहे. आखाती देश, मलेशिया, थायलंड अशा १८ देशांत कामाला जाताना त्यांना सरकारची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. धम्मयात्रेला, पर्यटनाला ती लागत नाही.

थायलंडचे नाव निघालेच आहे तर तरुणांना स्पष्ट सांगायला हवे. थायलंडने १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्ड सक्तीचे केले आहे. ते पोचण्याच्या तीन दिवस आधीपासून ऑनलाइन, मोफत भरायचे असते. पर्यटकाला तिथे प्रवेश सोपा आहे, आणि याच सोप्या प्रवेशाचा फायदा घेऊन 'डेटा एंट्रीची नोकरी, लाखभर पगार, व्हिसाची गरज नाही' असे मेसेज बेरोजगार मुलांना येतात. बँकॉकला उतरवून मुलांना म्यानमारच्या म्यावाडी भागात नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपतात. मार्च २०२५ मध्ये तिथून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना वायुसेनेच्या विमानांनी परत आणावे लागले. फिरायला जाण्याची परवानगी म्हणजे काम करण्याची परवानगी नाही. कोणी एजंट परदेशात नोकरी देतो म्हणाला, तर तो परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर नोंदलेला आहे का ते आधी पाहा. नसेल तर एक रुपयाही देऊ नका, मग तो आपल्या समाजाचा असला तरी. तो आपला असेल तर जास्तच सावध राहा, कारण आपल्या माणसाला पावती मागायला आपण लाजतो.

श्रीलंकेला अनुराधपूरच्या बोधिवृक्षाच्या दर्शनाला जायचे तर किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट आणि आधी ऑनलाइन घेतलेली प्रवास परवानगी लागते. तिचे शुल्क अधूनमधून बदलते, ते त्या सरकारच्या संकेतस्थळावर निघण्याच्या महिन्यात पाहावे. परदेशी नागरिकत्व घेतलेला मुलगा किंवा सून लंडन-अमेरिकेहून येऊन लुंबिनीला सोबत येणार असेल, तर ओसीआय कार्ड असले तरी नेपाळसाठी ते भारतीय नागरिक धरले जात नाहीत. त्यांना त्यांच्या पासपोर्टवर व्हिसा घ्यावा लागतो.

आमच्या यादीत आता एकोणचाळीस नावे आहेत. दोघांना शेतीमुळे जमत नाही. एक दहावीची मुलगी परीक्षेमुळे थांबली, तिच्यासाठी घेतलेला मुख्याध्यापकांचा दाखला फाईलला लावून ठेवला आहे. आजीचे मतदार कार्ड मागच्या आठवड्यात पोस्टाने आले. फोटो ओळखू येत नाही, पण नाव बरोबर आहे. तिने ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लुगड्याच्या ओच्याला बांधले आहे.